रोही तोंड लावत नाही ते पीक

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या डोक्यात समुद्र होता. यंदाच्या अंकाचा विषय वाढतं वजन, आणि माझ्या वाट्याला त्यांनी समुद्री शेवाळ दिलं होतं. जपानी माणसं ते रोज खातात, त्यात उष्मांक जवळजवळ नाहीत, पोट भरल्यासारखं वाटतं, चरबी झडते, असं बरंच काही त्यांच्या वाचनात आलं होतं. मी म्हटलं, लिहितो, पण त्यासाठी वाशीमला जाऊन येतो. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. बरोबरच आहे, वाशीमहून कुठल्याही दिशेला निघालात तरी चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही.

शेवाळाचे जे गुण सांगितले जातात त्यांतला सगळ्यांत भरवशाचा म्हणजे त्याचा बुळबुळीत गर. तो पाणी धरतो, फुगतो आणि पोटात रेंगाळतो. हाच गुण अंगी असलेलं एक बी गेल्या काही वर्षांत वाशीम जिल्ह्याच्या रब्बीत शिरलं आहे. चिया. मूळ मेक्सिको आणि ग्वाटेमालाचं. मुंबई-पुण्यात सकाळी जिमला जाणाऱ्यांच्या बाटलीत तळाशी जे काळे ठिपके बसलेले दिसतात, तेच. हरभरा आणि गव्हाच्या रांगेत ते कसं येऊन बसलं, ते पिकवणारे कोण, खाणारे कोण, आणि खाणाऱ्यांचं वजन खरंच उतरतं का, हे बघायला वाशीम हीच योग्य जागा होती.

हर्रासीचा ओटा

वाशीमची बाजार समिती ओळखली जाते सोयाबीनसाठी. दिवाळीच्या सुमारास तिथं गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळा तोंडावर आला की हरभऱ्याचे ढीग लागतात, आणि आता त्यांच्या शेजारी चियाचे. हा ढीग लांबूनच ओळखू येतो, कारण त्याला रंग असा नाहीच. राखाडी, करडा, मधूनच पांढरा. खसखशीत काजळी मिसळावी तसा.

व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळाचा माल वर काढतो. वरचा माल शेतकऱ्यानं दाखवायला ठेवलेला असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. मूठ उघडून तो हलकी फुंकर मारतो. कुटार उडून जातं, दाणे तळहातावर राहतात. मग अंगठ्यानं ते पसरून रंग बघतो. नक्षीदार काळा-करडा दाणा म्हणजे पिकलेला, आणि तपकिरी दाणा म्हणजे कच्चा काढलेला. तपकिरी जास्त दिसले की बोली तिथंच अडते. मी पाहिलेल्या एका खरेदीदारानं तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणात चिमूटभर दाणे भिजत ठेवले, दुसऱ्या ढिगाकडे जाऊन आला, आणि मग झाकण तिरपं करून बघितलं. दाण्याभोवती गर धरला होता. त्यानं मान हलवली आणि बोली लागली, क्विंटलला पाच आकडी. त्याच आवारात सोयाबीन हमीभाव गाठायला धडपडत होतं, आणि तो हमीभाव २०२४-२५च्या हंगामाला ४८९२ रुपये होता.

इथं हर्रासी होण्यापूर्वी हा माल मध्य प्रदेशात नीमचला जात असे. पाचशे किलोमीटरच्या वर अंतर. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून गाडी करायची, रात्री निघायचं, तिथं जो भाव निघेल तो घ्यायचा आणि भाडं वजा करून उरलेलं वाटून घ्यायचं. नीमचच का, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर सोपं निघालं. नीमचची मंडी औषधी मालाची. अश्वगंधा तिथं विकली जाते आणि इसबगोलही. इसबगोल म्हणजे तरी काय? पाण्यात टाकलं की गर धरणारं बीच ते. जे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या फुगणारं बी पारखत आले, त्यांना चिया परका वाटला नाही.

कुंपण नको, जागल नको

चिया का पेरला, असं विचारल्यावर कुणीतरी ओमेगा-थ्रीचं नाव घेईल अशी माझी समजूत होती. कुणी घेतलं नाही. याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात एका वावरात धुऱ्यावर बसून ऐकलेलं उत्तर असं: “रोही तोंड लावत नाही याले. डुक्कर बी नाही. कायले पेरनार नाही मंग?”

वाशीम-कारंजाकडे रात्री प्रवास केलेल्याला यातलं दुःख कळेल. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप उतरतात. एका रात्रीत अर्धा एकर साफ. रानडुकरं खातात थोडं, उकरतात जास्त. त्यामुळे रब्बीचा शेतकरी थंडीचे तीन महिने मचाणावर नाहीतर खाटेवर, हातात टॉर्च आणि फटाके घेऊन जागतो. चिया हा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. त्याच्या पानांत उग्र वासाचं तेल असतं आणि पानांवर लव असते. रोही एखादं पान ओढून बघतो आणि पुढच्या हरभऱ्याकडे जातो. एका शेतकऱ्यानं तर हरभऱ्याच्या भोवती चियाचे तास पेरून बघितले होते. “थे मधात घुसतेतच,” तो हसून म्हणाला.

पाण्याचंही तसंच. गव्हाला लागतात त्यापेक्षा चियाला पाळ्या कमी लागतात, स्प्रिंकलरवर भागतं, आणि पाणी साचलं तर उलट मुळं सडतात. दिवस लहान होत गेल्याशिवाय त्याला फुलोराच येत नाही, म्हणून पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सोयाबीन निघालं की त्याच वावरात. मेक्सिकोतलं हे पीक आणि आपला रब्बी असे आपोआप जुळले.

खरी कसरत पेरणीत. हजार दाणे तोलले तर दीड ग्रॅमही भरत नाहीत. एकराला दीड-दोन किलो बी पुरतं, म्हणजे दहा-पंधरा लाख दाणे, आणि ते तिफणीच्या चाड्यातून सोडायचे कसे? कुणी चाळलेली माती मिसळतो, कुणी राख, कुणी गांडूळखत. हात ओला असेल तर बी बोटांना चिकटून बसतं. खोल पडलं तर उगवतच नाही, जेमतेम सेंटिमीटरभर माती वर हवी. उगवल्यावर पहिला महिना ते इतकं मंद वाढतं की तणच पुढं निघून जातं. सोयाबीनवर तणनाशक मारायची सवय लागलेल्या गावात अचानक निंदणाला बाया शोधाव्या लागतात, आणि मजुरीचा आकडा ऐकून चियाचा नफा थोडा खाली येतो. हे मात्र पाच आकडी भावाच्या बातम्यांत येत नाही.

घरी खाता का, हेही विचारलं. धुऱ्यावरच्या माणसाची आई शेजारी बसली होती. तिनं पदर सावरत विचारलं, “खातेत कसं थे?” मी सांगितलं, पाण्यात भिजवून. “मंग आपला सब्जा काय वाईट हाये?”

पेल्यात आणि पोटात

आजीचा प्रश्न चांगला होता, म्हणून मुक्कामी दोन पेले मांडले. एकात सब्जा, एकात चिया. सब्जा टाकता टाकताच फुगायला लागला. फालुद्यात दिसतो तसा प्रत्येक दाण्याला निळसर-पांढरा ढगळ अंगरखा. चिया आधी नुसता तरंगला, गुठळ्या करून बसला, चमचा फिरवावा लागला. पंधरा मिनिटांनी पेला तिरपा केला तर पाणी हललं नाही. दाण्याच्या टरफलाच्या बाहेरच्या पेशींत कोंडलेली साखरेच्या लांबच लांब साखळ्यांची दाटी पाणी मिळताच बाहेर फुटते आणि जाळं विणते. बी आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी सहज धरून ठेवतं. निसर्गात याचा उपयोग वेगळा आहे. कोरड्या रानात पडलेलं बी मातीला चिकटून राहतं आणि उगवण्यापुरती ओल जवळ राखतं.

हाच गर जठरात गेल्यावर अन्न घट्ट होतं, पुढं सरकायला वेळ घेतं, साखर रक्तात हळूहळू उतरते, आणि भूक थोडी उशिरा लागते. मोठ्या आतड्यात पोचलेला तंतू तिथले जिवाणू खातात. १०० ग्रॅम चियात जवळपास ३४ ग्रॅम तंतुमय भाग असतो. आपल्याला दिवसभरात लागतो तीसेक ग्रॅम. मैदा, पॉलिश केलेला तांदूळ आणि बिस्किटांवर जगणाऱ्या शहरी माणसाच्या ताटात त्याच्या निम्माही असतोच असं नाही. तेव्हा दोन चमचे चियानं त्याला बरं वाटलं, पोट साफ झालं, तर त्यात नवल नाही.

वजनाचं मात्र निराळं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये डेव्हिड नीमन यांच्या गटानं २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वजन जास्त असलेल्या माणसांना रोज ५० ग्रॅम चिया, पाण्यात कालवून, दोन वेळा विभागून, १२ आठवडे दिला. वजनात फरक नाही, रक्तदाबात नाही, काही नाही. २०१७ साली टोरांटोच्या व्लादिमिर वुक्सान यांच्या गटाची चाचणी आली, ती जरा आशा दाखवणारी. लठ्ठ आणि मधुमेही अशा ७७ जणांना सहा महिने कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यातल्या निम्म्यांच्या आहारात चिया होता. चियावाल्यांचं वजन सरासरी १.९ किलोनं उतरलं, बाकीच्यांचं ०.३ किलोनं. म्हणजे सहा महिन्यांत दीड किलोचा फरक, तोही जेवण मोजूनमापून घेतल्यावर. जेवण तेच ठेवून त्यावर दोन चमचे चिया घातला, तर १२० उष्मांक वाढले, एवढंच. शेवटी हे तेलबी आहे. त्यात ३१ टक्के तेल आहे. ‘चियानं चरबी वितळते’ असं पाकिटावर छापणाऱ्यानं पाकिटामागची पोषणाची चौकट वाचलेली नसते.

आणि कोरडा चमचा तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. २०१४मध्ये अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या परिषदेत एका ३९ वर्षांच्या माणसाची हकिगत मांडली गेली. त्यानं नेमकं हेच केलं आणि ते बी अन्ननलिकेतच फुगून अडकलं. दुर्बीण घालून ते जठरात ढकलावं लागलं.

समुद्राचं काय

संपादकांची बाजूही पाहायला हवी. समुद्रातल्या तपकिरी शेवाळात अल्जिनेट नावाचा गर असतो. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की तो आवळून बसतो. कोपनहेगनमध्ये लठ्ठ माणसांना कमी उष्मांकाच्या आहाराबरोबर तो पेयातून १२ आठवडे दिला गेला. २०१२ साली निकाल आले, आणि प्रयोग पूर्ण करणाऱ्यांत अल्जिनेट घेणाऱ्यांचं वजन सरासरी ६.८ किलोनं घटलं, न घेणाऱ्यांचं ५ किलोनं. इथंही फरक पावणेदोन किलोचाच. टोरांटोच्या चियासारखाच आकडा, आणि अट तीच: जेवण आधी कमी करा. शेवाळातल्या फ्युकोझँथिन या रंगद्रव्याची चरबी जाळण्याबद्दल मोठी कीर्ती आहे, पण ती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेली. शिवाय काही शेवाळांत आयोडीन इतकं असतं की थायरॉइडच्या रुग्णानं ते विचारूनच खावं.

आपल्याकडे शेवाळाची शेती होते ती तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला. बांबूच्या तराफ्यांवर दोऱ्या बांधून बाया ते वाढवतात आणि त्याचा बराचसा माल आइस्क्रीम, टूथपेस्ट वगैरे दाट करणाऱ्या कारखान्यांकडे जातो. मराठी घरात शेवाळ शिरलंय ते चायना ग्रासच्या रूपात, पुडिंग थिजवायला, वर भरपूर साखर घालून. मासळीशिवाय घास न उतरणारा कोकणी माणूसही शेवाळाची भाजी करत नाही. वजन उतरवण्यासाठी तो ती करायला लागेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

ढग

चियाच्या पिकात सगळ्यांत धास्तीचे दिवस कोणते, तर सोंगणीचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुरे वाळून तपकिरी होतात आणि आत दाणा सुटा होतो. नेमक्या त्याच दिवसांत विदर्भात अवकाळी येते. हरभरा भिजला तर वाळवून विकता येतो, भाव कमी मिळतो इतकंच. चिया भिजला की तुऱ्यातल्या तुऱ्यातच गर सोडतो. दाणे एकमेकांना आणि कुसळांना चिकटतात, वाळल्यावर ढेकळं होतात, रंग जातो. चाळणीतून पडत नाहीत. पेल्यात ज्या गरासाठी पैसे मोजले जातात, तोच वावरात भलत्या वेळी सुटला की माल मातीमोल.

त्यामुळे इथं आकाश बघून सोंगणी होते. दुपारचं कडक ऊन टाळायचं, कारण वाळलेला तुरा हाताळला की दाणे गळतात. पहाटेचं दवही टाळायचं, कारण ते गर सोडवतं. मधले काही तास तेवढे आपले. सोंगलेलं ताडपत्रीवर, ढग आले की वर दुसरी ताडपत्री. मळणी यंत्राचा पंखा मंद ठेवावा लागतो, नाहीतर कुटाराबरोबर दाणाही उडून जातो. रिसोडकडे एका यंत्रवाल्यानं पंख्यासमोर जुनी मच्छरदाणी बांधली होती. संध्याकाळी ती झटकली तर पायलीभर चिया निघाला. मालकानं तो मजुरीत धरला की नाही, यावर दोघांची बरीच हुज्जत चालली होती.

जवस कुठं गेलं

वाशीमच्या एका डॉक्टरांकडे बसलो होतो. त्यांच्या बाकावर त्या दिवशी हाडकुळी सून आणि गुडघे दुखणारी स्थूल सासू, एकाच घरच्या दोघी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायांचं वजन जास्त आणि जवळपास १९ टक्क्यांचं कमी निघालं, ती आकडेवारी इथं शेजारी शेजारी बसली होती. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्यातून वजन उतरवण्याचं बी महानगरांना जातं, हे डॉक्टरांनाही गमतीचं वाटत होतं. सासूबाईंना काय खायला सांगता, असं विचारलं. ज्वारीची भाकर, पालेभाजी आणि जवसाची चटणी, ते म्हणाले. चिया नाही? “महाग पडते. अन्‌ जवसात कमी काय हाये?”

हे मी नंतर पडताळून पाहिलं. १०० ग्रॅममागे चियात वनस्पतीजन्य ओमेगा-थ्री १८ ग्रॅमच्या आसपास असतं. जवसात जवळपास २३. प्रथिनं जवसात थोडी जास्तच. तंतू चियात जास्त, ३४ला २७. कॅल्शियममध्ये चिया खूप पुढं, दुपटीहून अधिक. गर जवसही सोडतं. जवस अख्खं गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप. पण ओमेगा-थ्रीपुरतं चियाचंही तेच आहे. नीमन यांच्याच पुढच्या प्रयोगात दळलेल्या चियानं रक्तातलं ओमेगा-थ्री वाढलं, अख्ख्यानं नाही. आपल्याकडे जवस अख्खं खातंच कोण? तव्यावर तडतडेपर्यंत भाजून, लसूण, तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं, ही रीत वऱ्हाडात कुणा आहारतज्ज्ञाला विचारून पडलेली नाही.

तरी जवस वावरातून गेलं. आधी कपाशीनं आणि मग सोयाबीननं त्याची जागा घेतली. रब्बीत ते कुठं धुऱ्यावर, कुठं करडईच्या कडेनं उरलं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्यावर संशोधन होत आलंय, सुधारित वाण आहेत. पण जवसाला शहरात कुणी नवं नाव दिलं नाही, काचेच्या बरणीत भरून त्याच्यावर मेक्सिकोचं चित्र लावलं नाही. मला चियाचा राग नाही. ज्या पिकानं माणसाची रात्रीची जागल वाचवली आणि हातात दोन पैसे जास्त ठेवले, त्याला नावं ठेवायला मी कोण? फक्त त्याचा भाव उभा आहे तो लांबच्या शहरातल्या एका समजुतीवर, आणि ती समजूत अर्धीच खरी आहे. उद्या तिथं दुसरं काही चालू झालं, उदाहरणार्थ समुद्री शेवाळच, तर ओट्यावरचा ढीग कोण उचलणार?

हा प्रश्न मी शेतकऱ्यांना विचारला तेव्हा त्यांना तो मुळीच नवा नव्हता. चियाला सरकारी हमीभाव नाही, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे. मालेगावकडचा तो धुऱ्यावरचा शेतकरी येत्या रब्बीत पाच एकरांपैकी दोन एकर चिया, दोन एकर हरभरा आणि नाल्याकडचा एक एकर करडई घेणार आहे. करडईला काटे असतात, तिथंही रोही शिरत नाही. चिया तीन एकर का नाही, तर निंदणाला दोन एकरांपुरत्याच बाया मिळतात. हरभरा कशाला, तर घरात डाळ लागते. आणि बी? ते त्यानं या वर्षीच्या मालातून चाळून, तपकिरी दाणे वेगळे काढून, डब्यात भरून ठेवलंय. डबा कोरड्या जागी, पाण्याच्या रांजणापासून लांब.